आपली काच आपण पाहायची नाही

जी बाई कोणाच्याही शब्दावर विश्वास ठेवत नसे, तिच्या एका शब्दावर डोंगरातल्या माणसांनी भरली घरे का सोडली? हा प्रश्न मला बरीच वर्षे पडला आहे. त्याचे उत्तर क्रमाने मांडून पाहतो.

यवतमाळच्या आमच्या गल्लीत त्यांना सारे काचवाल्या आपा म्हणत. वडिलांचे तसबिरींना काच बसवण्याचे दुकान होते, त्यावरून हे नाव. आपा स्वतः भूवैज्ञानिक. वर्षातले बरेच महिने त्या हिमालयात, नेपाळच्या सीमेवर, दरडींचा अभ्यास करणाऱ्या दोन्ही देशांच्या संयुक्त चमूत असत. सुटीवर आल्या की कोणी काहीही सांगो, त्यांचा एकच प्रश्न असे, "कोनं पाह्यलं?" दूधवाल्याने घाटंजीकडे पाऊस झाल्याचे सांगितले तरी तोच, आणि माझ्या पत्नीने भाजीत मीठ बरोबर आहे म्हटले तरी तोच.

गल्लीलाही त्यांचा तितकाच संशय होता. माझ्या भिंतीला भिंत लागून देवरावभाऊंचे घर. एकदा त्यांनी मला बाजूला घेतले.

"सर, हे आपा घडीघडी नेपाळशी काय बोलून राह्यली?"

"काचांविषयी बोलतात."

"काच यवतमाळात भेटत नाही का?"

देवरावभाऊंचा माझ्यावरही राग होता. आमच्या सामायिक भिंतीला भेग पडली होती. ते माझ्या पाण्याच्या टाकीला दोष देत, मी त्यांच्या नव्या मजल्याला. काळ्या मातीवरची घरे उन्हाळ्यात तडकतात आणि पावसात माती फुगली की भेगा मिटतात. मिटली भेग लिंपायची आणि घर बरे झाले असे समजायचे, ही आमच्याकडची जुनी चूक. आपांनी लिंपू दिले नाही. भिंतीच्या दोन्ही अंगांना, भेगेवर आडवी, काचेची एकेक पातळ पट्टी त्यांनी सिमेंटने पक्की बसवली. भिंत सरकली, तर काच तुटणार. मग नियम सांगितला: माझ्या बाजूची काच देवरावभाऊंनी पाहायची, त्यांच्या बाजूची मी.

"काहून?" देवरावभाऊंनी विचारले.

"काहून का, आपली काच आपल्याले नेहमी साबूतच दिसते. डोंगरातही असंच करतो. नदीच्या अलीकडे आपलं गाव, पलीकडे नेपाळचं. त्यांच्या घरांच्या काचा आम्ही पाहतो, आपल्या ते."

"आन त्यायनं खोटं सांगितलं तं?"

"मंग मी जाऊन पाहीन."

तशी वेळ आली. आपा सुटीवर असताना पलीकडच्या चमूतल्या वयस्क शास्त्रज्ञांचा फोन आला. आपा त्यांना 'दाई', म्हणजे थोरला भाऊ, म्हणत. अलीकडच्या, म्हणजे भारतातल्या गावाच्या वरच्या वाडीतल्या काचा ओळीने तुटल्या आहेत. पावसाआधी वाडी रिकामी करा, असा निरोप होता. आपल्या बाजूच्या एका अधिकाऱ्याला वेगळाच वास आला: वाडीजवळून आखलेला आपला रस्ता अडावा म्हणून त्यांनीच काचा फोडल्या असतील.

आपा पिशवी भरत होत्या. मी विचारले, "दाईंवर तुमचा विश्वास नाही?"

"भरोसाच ठेवाचा असता तं काचा कायले लावल्या असत्या, सर? मलेही शक आहे."

परतल्यावर त्यांनी सांगितले ते असे. दगडाने फुटलेली काच कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकते. या काचा मात्र नेमक्या भेगेच्या रेषेवर तुटल्या होत्या. शिवाय दोन्ही तुकडे भिंतीला घट्ट होते आणि त्यांच्या मध्ये आपांचे बोट जात होते. काच कोणी फोडू शकतो. भिंत अशी दूर नेऊ शकत नाही. वाडीतले लोक कुरकुरत होते, तेव्हा आपांनी घरोघरी प्रत्येकाला स्वतःचे बोट घालायला लावले. वाडी खाली उतरली. पावसात उतार कोसळला, तेव्हा त्या घरांत कोणी नव्हते.

आपांनी दाईंना फोनवर सांगून टाकले, "मैंने आप पर शक किया." दाई हसले. "शक था, तभी तो आप आईं. यकीन होता तो घर बैठतीं."

गेल्या हिवाळ्यात आपा यवतमाळातच, साध्या आजारपणाने गेल्या. दाईंना कळवण्याचे काम माझ्याकडे आले. मी बातमी सांगितली. मग त्यांनी हळूच विचारले, "किसने देखा?"

"मैंने," मी म्हणालो. "मिट्टी दी है."

तेव्हा कुठे ते रडले.

मला सापडलेले उत्तर एवढेच: आपांनी कोणाला आपल्या शब्दावर घर सोडायला सांगितलेच नव्हते. देवरावभाऊ आजही सणासुदीला येऊन माझ्या बाजूची काच पाहतात, "साबूत आहे, सर," म्हणतात आणि चहा घेतात. आता आमचे भांडण उरलेले नाही, म्हणजे संशयही नाही, आणि त्याचीच मला काळजी वाटते. शिवाय भिंत माझी आहे. तेव्हा माझ्या शब्दावर जाऊ नका. कधी यवतमाळला आलात, तर घरी या आणि ती काच तुम्ही स्वतः पाहा.