बशीरचा चौथा पंखा

बशीर गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंगोलीच्या घरी स्टुलावर उभा राहून छताचा पंखा पुसत होतो. त्याच्या बायकोने, रझियाभाभींनी, एवढंच सांगितलं, "भाऊजी, तुमचे दोस्त गेले." मी खाली उतरलो आणि फडकं हातात धरून तसाच बसून राहिलो. त्या पंख्याच्या पात्यावर बशीरनेच एकदा बाण कोरला होता, पंखा कोणत्या बाजूने फिरतो ते दाखवणारा. कुलर असो, पंप असो, त्याच्या हातून गेलेल्या प्रत्येक फिरत्या वस्तूवर तो असा बाण कोरायचा. लोक हसायचे. हसण्यासारखं घडलंही होतं.

औंढ्याला त्याचं लेथ मशीनचं दुकान होतं. मी धरणापलीकडच्या तांड्यावरचा, शिकायला औंढ्यात राहिलेला, तिथेच आमची दोस्ती झाली. सुट्टीत तो माझ्यासोबत तांड्यावर यायचा आणि माझ्या आईच्या, म्हणजे आमच्या बोलीत याडीच्या, हातची भाकरी खाऊन खाऊन तो तिचाच होऊन गेला. तिने एकदा ईदला आपल्या घरी येऊन शीरखुर्मा खावा, ही त्याची फार जुनी इच्छा. पण तिचे गुडघे गेलेले, आणि पाण्याला वळसा घालून जाणाऱ्या जीपमध्ये बसली की ती उलट्यांनी अर्धमेली व्हायची. नव्वदच्या दशकात धरणावरची, तांड्याच्या काठाला पडून असलेली एक जुनी लाकडी मोटारबोट लिलावात निघाली, ती याने घेतलीच. इंजिन बोटीच्या पोटात बसवलेलं, पण गंजून गोळा झालेलं; मागचा, पाण्यात फिरणारा पंखा तर कुणी केव्हाच पळवलेला. "याडीला पाण्यावरून आणतो," म्हणाला. मी विचारलं, "तुला पोहता तरी येतं का?" "न्हाई येत, म्हणून तर बोट घेतली."

त्याने शेतातल्या पंपाचं डिझेल इंजिन बोटीत बसवलं. हिंगोलीच्या भंगारात दुसऱ्या कुठल्या तरी बोटीचा पितळी पंखा मिळाला, तो घासून लखलखीत केला. आता, इंजिन कोणत्या बाजूने फिरतं याची फिकीर आमच्याकडे कुणी करत नाही. गिरणी उलटी फिरली तर मधला पट्टा काढून तिढा देऊन पुन्हा चढवायचा, झालं काम. जन्मभर पट्टे चढवलेला हा माणूस, बोटीत पट्टाच नसतो हे विसरला. ईदच्या सकाळी याडी ठेवणीतला घागरा घालून बोटीत बसली, सारा तांडा काठावर जमला, इंजिन सुरू झालं... आणि बोट मागे सरकून चिखलात रुतली. कुणीतरी म्हणालं, पंखा उलटा बसव. तसाही बसवून पाहिला, पण पात्यांचा पीळ तोच, त्यामुळे बोट मागेच. याडी हसत म्हणाली, "बशीर, तुझ्या बोटीला बी तांडा सोडवंना." सगळे पोट धरून हसले. तिला हात देऊन उतरवताना तो मात्र हसला नाही.

तेव्हापासून ते बाण. मग त्याने उलट्या पिळाचा पंखा ओतवून घेतला, तो मोठा झाला. इंजिन काळा धूर ओकायचं आणि दमून बंद पडायचं. त्यानंतरचा, तिसरा, लहान केला, तर इंजिन भन्नाट पळायचं आणि बोट जागची हलायची नाही. मला राग यायचा. "काहून एवढा जीव काढून राहिला? उलटीची गोळी देऊन जीपमधी बसवू तिला." "गोळी देऊन आणायला ती काय बोचकं हाय?" दोन्ही पंख्यांच्या मधलं माप तो शोधत राहिला, आणि एका हिवाळ्यात याडी गेली. तिच्या अंत्यविधीला तो जीपने आला, पाण्याला वळसा घालून.

मला वाटलं, आता तरी हे वेड सुटेल. कसलं काय. पुढे पाऊस कमी होत गेला, धरण आटलं, बोट उघडी पडून उन्हाने तडकली आणि तिच्या फळ्या ज्याने त्याने चुलीला नेल्या. त्यानंतर बशीरने चौथा पंखा केला! शेवटच्या भेटीत, आजाराने वाळलेल्या हातांनी त्याने तो पोत्यातून काढून माझ्यासमोर ठेवला.

"हा बराबर हाय का?" मी विचारलं.

"पाण्याबिगर कसं सांगू?" तो पंख्यावरून हात फिरवत म्हणाला, "बराबर असंल तर लई वाईट, न्हाई का?"



परवा औंढ्याला गेलो तेव्हा भाभींनी तो पंखा माझ्या हवाली केला. "तुमीच न्या, मला बघवंना," म्हणाल्या. घरी आणून मी तो अंगणातल्या हौदात बुडवला आणि त्याने कोरलेल्या बाणाच्या दिशेने हाताने फिरवला. पाणी मागे सरकलं, मनगटाला जोर लागला. तेवढ्यावरून बोट पुढे गेली असती की नाही, हे मला कळत नाही. पंखा काढून पुसला आणि पुन्हा पोत्यात ठेवला.