वाळूच्या गाण्याचं शेवटचं कडवं

मी सातवीत असताना बाबांच्या मोबाइलमध्ये एकवीस गाणी आली. बाबा इतवारीत भांड्यांच्या दुकानात कामाला आहेत, तेव्हाही होते. दुकानामागच्या बोळात एक मोबाइलवाला मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचा. बाबांनी त्याच्याकडे जयंतीची गाणी मागितली. त्यानं ती भरली आणि कार्डात जागा उरली म्हणून कुठल्याशा बाईची ही एकवीस गाणी वरून टाकून दिली. गाण्यांना नावं नव्हती, नुसते नंबर होते. बाबांना ती फारशी आवडली नाहीत. मी मात्र जी त्यांच्या मागे लागले ती लागलेच.

गाणारी कोण, हे कळायला एकच जागा होती, ती म्हणजे शेवटचं कडवं. आमच्याकडच्या गाण्यांची रीतच तशी आहे. ज्यानं गाणं रचलं तो शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतो. पुस्तकात छापून यायची सोय नसते, म्हणून सही गाण्यातच करायची. ही बाई स्वतःच रचायची, स्वतःच चाल लावायची, स्वतःच गायची आणि शेवटी आपल्या गावासकट 'खाप्याची अमकी सांगते' म्हणून मोकळी व्हायची. तिचं नाव मी इथं लिहीत नाहीये, कारण तिनंच मला दटावलंय, "गानं असन तिथं माह्यं नाव घे. बाकी जागी माह्यं काय काम?"

त्यातलं चौदा नंबरचं गाणं कन्हान नदीतल्या वाळूचं होतं. नदीत ट्रक उतरतात, बाया घमेल्यांनी वाळू भरतात, दुपारी ट्रकच्याच सावलीत डबे उघडून बसतात. तेवढ्यात ड्रायव्हर ट्रक सुरू करतो. सावली चालू लागते आणि बाया भाकर हातात धरून, हसत हसत सावलीच्या मागे पळतात. बारा वर्षांच्या मला ते ऐकून आधी हसू यायचं, मग कसंसंच व्हायचं. एकाच ओळीला दोन्ही कसं होतं हे कळेना, म्हणून मी ते पुन्हा पुन्हा लावायचे. शेवटच्या कडव्यात ती आपलं नाव घेऊन म्हणायची की घमेल्यानं माझ्या टाळूवरचे केस नेले, गळा तेवढा ठेवला.

मी एकवीसच्या एकवीस गाणी वहीत उतरवली. वर्गातल्या मुली सिनेमातल्या गायकांवर जीव टाकायच्या. त्यांच्याकडे फोटो होते, मुलाखती होत्या, कोणाचं लग्न कोणाशी ठरतंय याच्या बातम्या होत्या. माझ्या बाईचं नाव सांगितलं की पहिला प्रश्न यायचा, "टीव्हीवर येते काय?" नाही म्हटलं की विषय संपला. मी चिडायचे, भांडायचे. स्वभाव तसाही भांडकुदळच आहे. टीव्हीवर येणाऱ्यांची गाणी दुसरं कोणी लिहून देतं, माझी बाई आपली आपण लिहिते, हे मी इतक्यांदा ऐकवलं की मधल्या सुट्टीत मुली मला बघून बाक बदलायच्या.

नववीत असताना ती आमच्या हुडकेश्वरला, विहारासमोरच्या मैदानात गायला आली. फ्लेक्सवर वॉर्डातल्या झाडून साऱ्या पुढाऱ्यांचे फोटो परातीएवढे आणि हिचा खाली कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा. प्रत्यक्षात ती ठेंगणी निघाली. डोक्यावरून घट्ट पदर, दोरी लावलेला चष्मा, हातात डायरी. पहिल्याच गाण्यात तिनं कीबोर्डवाल्याला झापलं, "हळू वाजव नं गा, माह्ये शब्द तं ऐकू येऊ दे लोकाईले." मी तिथंच तिची कायमची झाले. कार्यक्रम संपल्यावर ब्लेडनं फ्लेक्सचा तो कोपरा कापून आणला. दुसऱ्या दिवशी मंडळाचे लोक घरी आले तेव्हा आईनं त्यांची माफी मागितली, आणि ते गेल्यावर मला म्हणाली, "चोरायचंच होतं तं सारा फ्लेक्स आनाचा होता. पावसाळ्यात छतावर टाकाले तरी कामी आला असता." पुढे मी ओढणी डोक्यावर घट्ट बांधून गायला लागले, तेव्हा आईनं विचारलं, "काहून वं, डोकं दुखते काय?"

आता चुकीकडे येते. आमच्या ले-आउटमध्ये, म्हणजे वस्तीत, गाण्याची एक पार्टी होती. तिचे प्रमुख पेटीवाले काका. ही पार्टी इकडची तिकडची गाणी म्हणायची आणि शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव काढून बिनदिक्कत काकांचं घालायची. मी एकदा विचारलं तर काका म्हणाले, "गानाऱ्यानं आपलंच नाव घ्याचं असते बाई. नाही तं गानं उष्टं वाटते." यात कोणाला काही गैर वाटत नव्हतं. जुनी गाणी इतक्या तोंडांतून आलेली असायची की मुळात कोणाची, हे कोणालाच सांगता आलं नसतं. मी ते नियम म्हणूनच डोक्यात ठेवलं.

बारावीत असताना जयंतीच्या गायन स्पर्धेत मी वाळूचं गाणं म्हटलं. दोन जाडजूड वेण्या, त्यांवर गजरा, आणि शेवटच्या कडव्यात, पेटीवाल्या काकांच्या नियमाप्रमाणे, माझं नाव. घमेल्यानं माझे केस नेले, असं मी हात उंचावून सांगितलं. टाळ्या थांबेनात. मला आठवतंय, त्या क्षणी मला खोटं बोलल्यासारखं अजिबात वाटलं नव्हतं. पाच वर्षं मी ते गाणं रोज म्हणत होते. ते माझं नसेल तर कोणाचं असेल, असंच वाटत होतं.

कोणीतरी व्हिडिओ काढला आणि तो मोबाइलमोबाइलवर फिरला. भाजीवाली मला 'वाळूवाली पोट्टी' म्हणायला लागली. बाबांच्या दुकानात गिऱ्हाईकं तो व्हिडिओ दाखवायची आणि शेठ त्यांना सांगायचे, ही आपल्या माणसाची मुलगी. दुसऱ्या वस्त्यांतल्या पार्ट्यांनी गाणं उचललं, पण गंमत म्हणजे त्यांनी त्यात आपली नावं घातली नाहीत. माझंच ठेवलं. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेला होता ना. मी हवेत होते. मनात एकच आस होती, की कधीतरी हा व्हिडिओ खाप्याला पोचेल आणि ती म्हणेल, पोरगी बरी गाते.

वर्षभरानं ती पुन्हा आमच्या मैदानात आली. मी पहिल्या रांगेत. तिनं वाळूचं गाणं सुरू केलं, पहिलं कडवं झालं, आणि माझ्या शेजारची काकू खुशीत ओरडली, "अवं मावशी, हे तं आमच्या पोरीचं गानं आहे! इथंच बसली आहे पाहा!" लोक हसले. मागून एक माणूस म्हणाला, "आपलं म्हना नं बाई. लोकाचं काहून म्हनता?" आणि त्यानं मोबाइलवर माझा व्हिडिओ लावून हात वर धरला.

ती थांबली. कीबोर्डवाल्यावर डाफरणारी ती बाई त्या माणसाला काही बोलेल असं मला वाटलं. ती फक्त म्हणाली, "माह्यंच आहे भाऊ." आवाज इतका बारीक की माइक असून मागे गेला नसावा. मग चष्मा सारखा करून तिनं मधली कडवी म्हटली, शेवटचं सोडून दिलं आणि डायरीचं पान उलटून दुसरं गाणं धरलं. मी मूग गिळून बसले होते. उठून चार शब्द बोलायचे, एवढंच काम होतं. लोक माझ्याकडे कौतुकानं बघत होते आणि मला लाज वाटत होती. तरी खरं सांगायचं तर त्या लाजेच्या खाली थोडं ते कौतुकही आवडत होतं. ते मला अजून माफ करता आलेलं नाही.

घरी येताना बाबांनी विचारलं, "तू उठली काहून नाही?"

मी म्हटलं, नाव घालायची रीतच आहे. काकांनी शिकवलं. सगळेच करतात.

"सारे करतात थे मले मालूम आहे," बाबा म्हणाले. "तू काहून नाही उठली, थे इचारून राहिलो."

पुढच्या आठवड्यात त्यांनी सुट्टी टाकली आणि आम्ही दोघं खाप्याच्या बसमध्ये बसलो.

ती अंगणात खाटेवर कुरड्या वाळत घालत होती. तिनं मला लगेच ओळखलं, पण आधी पाणी दिलं, बाबांना खुर्ची दिली, कुठल्या बसनं आलात ते विचारलं. बसमध्ये मी माफीचं भाषण पाठ करून ठेवलं होतं. त्यातलं एक वाक्य बोलले आणि रडायला लागले. ती काही समजूत घालायला आली नाही. हातातल्या सोऱ्यातला चीक संपेपर्यंत कुरड्या घालत राहिली.

"नाव टाकलं तं टाकलं," ती मग म्हणाली. "पार्टीवाले टाकतातच. लहानपनी मीही कोनाकोनाच्या गान्यात टाकलं असन. पन मले एक सांग. तू कधी घमेलं उचललं काय?"

"नाही."

तिनं पदर मागे घेतला. टाळूवर वाटीएवढी जागा पार गुळगुळीत होती, कडेनं केस उगवले होते, मधे काही नाही. पदर घट्ट घ्यायची तिची ती ढब मी इतकी वर्षं उचलली होती आणि त्याच्या खाली काय आहे ते मला शेवटच्या कडव्यात रोज सांगितलं जात होतं. मी ते नुसतं सुरात म्हणत होते.

"बाकीचं गानं ने," ती म्हणाली. "जिथं वाटन तिथं गा. पन हे कडवं इथून आलं वं बाई. थे तुले कसं देऊ?"

बाबा खाली मान घालून बसले होते. मी एवढंच म्हणू शकले की मी आता काय करू. ती म्हणाली, "जिथं गायली तिथं सांग. माइकवर." आणि निघताना आम्हाला पिशवीभर कुरड्या दिल्या. त्या नको म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

एखादं गाणं खूप आवडलं की ते आपल्यासाठीच लिहिलंय असं वाटतं. ते वाटणं खोटं नसतं, मी आजही तसंच मानते. पण तिथून ते आपलंच आहे इथवर यायला मला फार वेळ लागला नव्हता. मला कोणी ढकललंही नव्हतं. मी आवडीआवडीनंच तिथं पोचले होते.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर मी माइक मागून घेतला. वाळूचं गाणं माझं नाही, खाप्याच्या बाईचं आहे, तिनं ती वाळू डोक्यावरून वाहिली आहे, मी नाही, आणि मैदानात ती खरं बोलत होती, असं सगळं सांगितलं. मला वाटलं होतं लोक रागावतील, निदान गप्प होतील. कोणी रागावलं नाही. "जाऊ दे वं," मैदानात ओरडलेली ती काकू म्हणाली. "नाव कोनाचंही असो. तुह्या आवाजात जास्त चांगलं वाटते." पेटीवाले काका म्हणाले, एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय झालं त्यात. मग बायांनी आग्रह धरला, आता माइक हातात आहेच तर म्हण ते गाणं.

मी म्हटलं. शेवटच्या कडव्याला आले आणि तिचं नाव घेतलं, नीट, मोठ्यानं. पण कोरस धरणाऱ्या बायांना वर्षभराची सवय झालेली होती. त्यांनी टाळ्यांच्या ठेक्यावर माझं नाव घेतलं. त्या पंधरा-वीस जणी होत्या, मी एकटी. माझ्या तोंडातलं तिचं नाव मलाच ऐकू आलं नाही.

दुपारी तिला फोन लावला. माइकवर सांगून आले, असं तिला कळवलं.

"मंग काय म्हनले लोक?"

खोटं बोलायची सोय नव्हती. जाऊ दे म्हणाले, असं सांगितलं. आणि गाण्यात माझंच नाव घेतलं, तेही सांगितलं.



"तुले कसं वाटलं?" तिनं विचारलं.

"वाईट."

"लय?"

"लय वाईट वाटलं, मावशी."

"मंग पुढच्या रविवारी अजून सांग," ती म्हणाली.