चपट्या जागेचा गोळा

भाईंदरला आमच्या गाळ्यात एक मॅडम छोट्या पाणबुडीचा, माणसं आत बसायचा पोलादी गोळा करून घेत होत्या. आल्या की चहा गार होईपर्यंत गोळ्यावरून नुसता तळहात फिरवायच्या. सातवीत शाळा सोडून नांदेडहून आलेला मी, मलाही त्यांनी समजावलं होतं, "खोल पाणी चहूकडून दाबतं. गोळा नीट गोल असला की दाब वाटला जातो. चपटी जागा असली की तिथेच तो आत चेपतो. चेपला की आकार घटतो, पाणी त्याला कमी उचलतं आणि तो अजून खाली जातो." इतकं आपलेपणाने मला कुणी शिकवलं नव्हतं.

परवा त्यांच्या हाताला चपटी जागा लागली.

"पुट्टी मारतो मॅडम, दिसणार पण नाही," आमचे शेठ म्हणाले.

"आत माणसं बसणारेत, शेठ! लाज नाही वाटत?"

"तुम्हाला नको तर राहू द्या. दुसरी पार्टी तयार आहे."

"म्हणजे त्यांची माणसं मेली तर चालतील?"

मॅडमनी माझा ग्राइंडर उचलला आणि गोळ्याला आरपार चीर पाडायला घेतली.

"अरे, बघतोस काय? प्लग काढ!" शेठ माझ्यावर ओरडले.

नोकरी जाणार, हे कळत होतं. मी प्लगजवळच उभा होतो. काढला नाही.