बेटावरची राजधानी

चौथ्या कार्बनची प्रत कुणी घ्यायची यावरून आमचं दर रविवारी वाजायचं. आम्ही पाचजण राज्यसेवेच्या परीक्षेला बसणारे. डोंबिवलीचे दोन मित्र, कल्याणची एक शिक्षिका, ठाकुर्लीचा मी आणि कोपरीचा एक एसटी कंडक्टर. शिक्षिकेमुळे तिच्या शाळेतला एक वर्ग रविवारी सकाळी उघडून मिळायचा. चालू घडामोडी पाचजणांत वाटून घेतलेल्या. प्रत्येकाने आठवडाभर पेपर वाचायचे, आपल्या वाट्याचा मजकूर बॉलपेनने लिहायचा आणि झेरॉक्सचे पैसे वाचवायला खाली चार कार्बन घालायचे. पहिल्या कार्बनची प्रत झकास, दुसरी बरी, तिसरी चालवून घ्यायची आणि चौथी म्हणजे कागदावर निळा धूर. ती घ्यायला कुणी तयार नसायचं.

शेवटी कोपरीवालाच हात पुढे करायचा. "आण रे इकडे. पुसट तिकिटं वाचून माझे डोळे तयार झालेत." आणि आम्ही खुशाल त्याच्या हातात द्यायचो. एकदाही वाटलं नाही की हा माणूस खोपटच्या डेपोत पहाटेची ड्यूटी करतो, गाडीत उभ्या उभ्या आमच्या नोट्स वाचतो, तर चांगली प्रत त्याला द्यावी. त्याला पेपर वाचायला वेळ मिळायचा तो फक्त त्याच्या वाट्यापुरता, खेळ आणि पुरस्कार. बाकी सगळं तो आमच्यावर सोडायचा. वयाने आमच्यापेक्षा बराच मोठा. कोळीवाड्यातलं घर, आई मासळी विकायची, आणि त्यांच्या आळीत सरकारी साहेब अजून कुणी झालेला नव्हता. ही त्याची शेवटची संधी होती. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार, फॉर्मच भरता येणार नाही, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. तो स्वतःच दर रविवारी सांगायचा, तेही हसत.

माझ्या वाट्याला 'जग' होतं. मला ते मनापासून आवडायचं. घरी एक पेपर यायचा, दुसरा मी ठाकुर्लीच्या सलूनमध्ये जाऊन वाचायचो. सलूनवाला वैतागायचा, "दाढी करायची नसेल तर खुर्ची सोड." मला मोठ्या बातम्यांपेक्षा कोपऱ्यातल्या चार ओळींच्या बातम्यांचा नाद. कुठल्यातरी देशात कुणीतरी राजीनामा दिला, एवढंच छापायचे आणि विषय संपला. अरे, पण का दिला? पुढे काय झालं? मी त्या माणसाच्या मागावर दोन-दोन महिने राहायचो. आई म्हणायची, नसती उठाठेव. पण माझ्या नोट्स चोख असायच्या, अगदी माझ्या शत्रूनेही कबूल केलं असतं. आणि असा एक शत्रू खरंच निघाला.

झालं काय, एकदा कल्याण स्टेशनबाहेर झेरॉक्सच्या दुकानात गेलेलो. काउंटरवर नोट्सचे गठ्ठे विकायला ठेवलेले, सुतळीने बांधून. वरचा कागद पाहिला आणि डोकंच फिरलं. माझं अक्षर! माझा तो लांब शेपटीचा 'ज', माझ्या दुहेरी रेघा. कुठल्याशा क्लासवाल्या सरांच्या नावाने माझं 'जग' विकलं जात होतं. डोंबिवलीच्या एका मित्राने नोट्स कुणा भावाला दिल्या, भावाने मित्राला, असं करत करत त्या तिथे पोचलेल्या. मी दुकानदाराशी हुज्जत घातली. तो म्हणाला, "अक्षरावर तुमचं नाव लिहिलंय काय?" ज्याला वेळेवर उत्तर सुचत नाही तो घरी जाऊन खोड्या सुचवून घेतो.

त्या आठवड्यात मी एक बातमी बनवली. दूर समुद्रातल्या एका चिमुकल्या बेटांच्या देशाने आपली राजधानी एका बेटावरून उचलून दुसऱ्या बेटावर नेली, अशी साधी दोन ओळींची. नाव इथे लिहीत नाही. एकदा लिहून झालंय तेवढं पुरे. कारण दिलं नाही, तारीख दिली नाही. क्लासवाल्याची जिरवायची आणि खोटं कुठवर जातं ते बघायचं, असा बेत. खरं सांगायचं तर जिरवण्यापेक्षा बघण्याचीच खाज जास्त होती.

रविवारी मी बाकीच्यांना सांगून टाकलं. "तिसऱ्या पानावरची राजधानी खोटी आहे, पाठ करू नका." शिक्षिका रागावली. "अभ्यासात असली थट्टा बरी नव्हे," तिने अगदी वर्गात बोलावं तसं सुनावलं. मग तीही हसली. कोपरीवाला त्या दिवशी नव्हता. गणपतीच्या जादा गाड्या सुटलेल्या, त्याला कोकणात पाठवलेलं. दोन रविवार तो येणार नव्हता. असं कुणी नसलं की त्याचा गठ्ठा आम्ही ठरल्या जागी पोचवायचो, कोपरीवाल्याचा ठाणे स्टेशनच्या कोपरी बाजूला एका पानवाल्याकडे. डोंबिवलीच्या एका मित्राने तो ठेवला. चिठ्ठी ठेवली नाही. मला वाटलं, त्याने सांगितलं असेल. त्याला वाटलं, मी सांगेन. शिक्षिकेला वाटलं, आम्ही दोघं असताना तिने कशाला?

आणि बातमी निघाली की हो फिरायला! महिन्याभरात डोंबिवलीच्या एका अभ्यासिकेत एका अनोळखी पोराने मलाच विचारलं, "अमुक देशाची नवी राजधानी कुठली?" मी विचारलं, "जुनी का सोडली?" तो म्हणाला, "वादळ झालं ना." वादळ! माझ्या दोन ओळींत वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती. मला इतका आनंद झाला की त्याला चहा पाजला. पुढे दुसऱ्या एका गठ्ठ्यात महिना आला, मग एका छापील पुस्तिकेत दोन बेटांमधलं अंतर आलं. जो तो थोडी भर घालत होता आणि पुढे ढकलत होता. मी हे सगळं एका वहीत टिपून ठेवायचो, कुठे ऐकलं, किती वाढलं. माझ्या खऱ्या अभ्यासापेक्षा ती वही जास्त भरली. पूर्वपरीक्षेत मी आपटलो, त्यात नवल ते काय?

रविवारी आमचा तोच विनोद चालायचा. "काय रे, राजधानी कुठवर आली?" "वादळ ओसरलं का?" असं कुणी म्हटलं की सगळे खो खो हसायचे. कोपरीवालाही हसायचा. त्याला वाटायचं आम्ही त्या देशाला हसतोय. म्हणायचा, "आमच्या कोळीवाड्यात घर बदलायचं तर वर्ष जातं, हे लोक राजधानी बदलतात." त्यावर आम्ही आणखी हसायचो. मला वाटायचं, याला माहीत आहे आणि हा झकास नाटक करतोय. असं मला खरंच वाटायचं का? आज विचार केला तर सांगता येत नाही. विचारून बघायचं सुचलं नाही एवढं खरं. जगभराची चौकशी करणारा मी!

पाचजणांतून तो एकटाच मुख्य परीक्षेतून पार झाला. कोळीवाड्यात पेढे वाटले गेले. त्याच्या आईने आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावून भरल्या पापलेटाचं ताट वाढलं, आणि शिक्षिका शाकाहारी म्हणून तिच्यासाठी वेगळ्या चुलीवर बटाट्याची भाजी केली. आता फक्त मुलाखत राहिलेली. जे होईल ते एका खोलीत, एका दिवसात होणार.

मुलाखतीच्या आधी दोन आठवडे तो एका संध्याकाळी ठाकुर्लीला माझ्या घरी आला. खाकी अंगातच, ड्यूटीवरून थेट. पिशवीतून त्याने सगळ्या नोट्स काढल्या. चौथ्या कार्बनच्या त्या धुरकट ओळी त्याने जागोजाग पेनने पुन्हा गिरवलेल्या, आणि प्रत्येक बातमीपुढे समासात बारीक अक्षरात पेपरचं नाव, तारीख, पान. मी बघतच राहिलो.

"हे काय?"

"मुलाखतीत उलटतपासणी घेतात म्हणे. कुठं वाचलं, विचारलं तर? प्रत्येक तिकिटाला नंबर असतो, तसा बातमीला पण पाहिजे. रजा साठवलेली आठ दिवसांची, ती घेतली. ठाण्याच्या वाचनालयात बसून जुन्या फायली काढल्या. सगळं सापडलं रे. एकच राहिलं." त्याने तिसरं पान काढलं. "ही राजधानी. पाच दिवस तेवढीच शोधत होतो. इंग्रजी पेपर पण बघितले, तिथल्या बाईंना विचारून विचारून. मना वाटलं मीच नीट बघत नाय. तू कुठं वाचलेलीस?"

आठातले पाच दिवस! आयुष्यभरात साठवलेली रजा, शेवटची मुलाखत, आणि हा माणूस पाच दिवस माझी थाप शोधत बसलेला. तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण त्याच्या बोटांना ओळी गिरवताना लागलेली शाई अजून दिसत होती. "आठवत नाही," मी म्हणालो. "रेडिओवर ऐकली असेन."

"हां! मग बरोबर. रेडिओची फाइल कुठून येणार?" त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. समासात त्याने 'रेडिओ' लिहिलं, आईने दिलेला चहा घेतला आणि गेला. मी स्वतःला समजावलं की मुलाखतीत हे कोण विचारणार आहे. जगात एवढ्या भानगडी चालू असताना?

मुलाखत झाली. निकाल लागला तेव्हा त्याचं नाव यादीत नव्हतं. थोडक्यात हुकलं म्हणे. मी खोपटला डेपोत त्याला भेटायला गेलेलो. कँटीनमध्ये बसलो. त्याचं तोंड पडलं असेल असं धरून चाललेलो, तर तो उलट मलाच धीर द्यायला लागला. पॅनलवर कोण कोण होतं, कुणी काय विचारलं, रंगवून सांगितलं. मग म्हणाला, "एकांनी विचारलं, अलीकडे वाचलेली, लक्षात राहिलेली एखादी बातमी सांगा. आता बघ, डोक्यात दुसरं काय असणार? ती राजधानीच. सांगितली. ते एकमेकांकडे बघायला लागले. म्हणाले, आम्ही नाही वाचली, कुठे आलेली? म्हटलं, साहेब, छापील कुठं सापडली नाही, माझ्या मित्राने रेडिओवर ऐकली. तर ते म्हणाले, मग तुम्ही खरी कशावरून धरता?"

"मग?"

"म्हटलं, साहेब, त्याने वर्षभर लिहिलेलं एकूण एक मी तपासलंय. एकही चुकलेलं नाही. म्हणून धरतो."

कपात चहा होता की काय होतं मला आठवत नाही. त्या एका उत्तरामुळेच त्याचं गेलं असं कुणी म्हणणार नाही, मार्कांच्या कागदावर तसं काही लिहिलेलं नसतं. मी म्हणतो. मी तेव्हाही म्हणालो. त्याच टेबलावर, सगळं सांगून टाकलं. झेरॉक्सचं दुकान, क्लासवाला, वादळ, वही, रेडिओ. लाज इतकी वाटत होती की मी त्याच्याकडे न बघता समोरच्या बरणीतल्या खारी बिस्किटांकडे बघून बोलत होतो. मला वाटलं उठून कानाखाली वाजवेल. वाजवली असती तर बरं झालं असतं.

तो रागावला नाही. तिकिटांचा ट्रे मांडीवर घेऊन तो तिकिटांच्या गड्ड्या सरळ करत राहिला. मग विचारलं, "त्या तिघांना ठाव होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या रविवारपासून. तू कोकणात गेलेलास."

बाहेर त्याची गाडी लागल्याचं कुणीतरी ओरडून सांगितलं. तो उठला, चामडी पिशवी खांद्याला लावली. "म्हणजे रविवारी तुम्ही हसायचात ना," तो म्हणाला, "तेव्हा मी पण..." आणि पुढचं न बोलता गाडीकडे चालायला लागला.