पूजेबाहेरची पुस्तकं

तंजावरच्या आमच्या मिशनच्या शाळेतले बायबलचे सर निवृत्त होऊन विजयादशमीच्या दुपारच्या गाडीने पाळैयंकोट्टैला मुलीकडे कायमचे जाणार होते. जाण्याआधी त्यांनी मला सात पुस्तकं वाचायला दिली. अट एकच होती, गाडी सुटण्यापूर्वी सगळी परत हवीत. हे एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या अखेरीचं. मी तेव्हा चोविशीत होते आणि त्याच मिशनच्या शाळेत मुलींना इतिहास शिकवत होते.

ही पुस्तकं धर्मोपदेशाची नव्हती. येशूच्या आधीचे आणि त्याच्या काळचे यहुदी कसे राहत, काय खात, सणाला घर कसं झाडत, कर कुणाला देत, याची होती. लहानपणी त्याच शाळेच्या बायबलच्या तासाला मी फार प्रश्न विचारत असे. जेवणाआधी हात धुतले नाहीत म्हणून एवढं भांडण का? पुदिन्याचा दहावा हिस्सा देवाला कोण मोजून देतं? सर कधी रागावले नाहीत. म्हणाले होते, "माणूस समजायचा तर आधी त्याचं स्वयंपाकघर पाहावं, अम्मा." बायबलच्या परीक्षेत मला दोनदा बक्षीस मिळालं होतं, पण तिथलं स्वयंपाकघर मला दिसलं ते या पुस्तकांत.

आमच्या घरी ते स्वयंपाकघर सगळ्यांत आधी कळलं आत्याला. बालविधवा, सोवळ्याची कडक, देवनागरी अक्षरही न येणारी. ती वाल सोलत बसायची आणि मी इंग्रजीतून वाचून आमच्या मराठीत सांगायची. दुधाची भांडी वेगळी आणि मांसाची वेगळी, हे ऐकून तिने कान झाकले.

"शिव शिव! मांस कशाला सांगतेस गे?"

"भांडी वेगळी ठेवतात, ते सांगते आहे."

"ते बरं करतात," आत्या म्हणाली. आणखी चार वाल सोलले आणि विचारलं, "बाळंतिणीला किती दिवस बाजूला बसवतात?"

मी सांगितलं. मुलगी झाली तर दुप्पट दिवस, हे ऐकून ती म्हणाली, "म्हणजे तिकडचे पुरुषही इकडच्यासारखेच."

थोरले काका मात्र वेगळे. आमचे पूर्वज राजांबरोबर तंजावरात आले, ही गोष्ट त्यांनी इतक्यांदा सांगितली होती की ते स्वतःच घोड्यावर होते असं वाटे. सण आला की ते जरीची पगडी घालत. एरवी ते तालुका कचेरीत हेडक्लार्क होते आणि घरचं मराठी पत्र आलं तर मला वाचायला बोलावत.

नवमीला सरस्वतीपूजा. आमच्याकडे त्या दिवशी घरातली पुस्तकं पाटावर रचून पूजतात, आणि दशमीच्या सकाळी ती उचलेपर्यंत कुणी एक ओळ वाचायची नाही. माझी सहा पुस्तकं संपली होती. सातवं, यरुशलेमच्या मंदिरातल्या नित्यक्रमावरचं सर्वांत जाड पुस्तक, निम्मं राहिलं होतं. नवमी वाया गेली तर ते तसंच गाडीत बसणार होतं. तरीही रीत म्हणून मी सातही घेऊन पाटापाशी गेले. काकांनी पाटावर कायद्याची पुस्तकं, पोरांची अंकगणितं आणि रेल्वेचं वेळापत्रक रचलं होतं.

"ती पाद्र्यांची पुस्तकं पूजेत नकोत," काका म्हणाले.

"काका, यांत पाद्री नाहीत. पाद्री व्हायच्या आधीची माणसं आहेत."

"कोण?"

"यहुदी."

"म्हणजे आणखी लांबचे. सरस्वतीचा त्यांच्याशी काय संबंध? बाहेर ठेव."

मी बाहेर ठेवली. पूजा झाली, आरती झाली, प्रसादाचं हरभऱ्याचं सुंडल वाटलं, काकांनी कॉफी घेतली. मी सातवं पुस्तक घेऊन समोरच्या ओट्यावर, गल्लीला दिसेल असं बसले आणि उघडलं.

काका दारात आले. सोबत सुंडल खायला आलेले शेजारचे निवृत्त मास्तर होते.

"आज वाचतेस? लाज नाही?"

"सरस्वती असेल ते वाचायचं नाही. ही सरस्वती नव्हे, असं सकाळी तुम्हीच ठरवलंत."

मास्तरांना ठसका लागला. "मुद्दा बरोबर आहे हो," ते म्हणाले.

काकांनी हात पुढे केला. "आण इकडे. ठेवतो पूजेत."

मी पुस्तक सोडलं नाही. पण उत्तर आतून आलं. आत्या म्हणाली, "दादा, कॉफी प्यालास. आता पाटाला हात लावायचा तर पुन्हा आंघोळ, पुन्हा सोवळं. आणि आरती झाल्यावर नवं काही मांडायचं तर पूजा पहिल्यापासून."

काका मला म्हणाले, "मग मिट ते. मी सांगतो म्हणून मिट."

"नाही मिटणार."

थोरल्या काकांना आमच्या घरात असं कुणी म्हटलं नव्हतं. मी पुस्तक मांडीवर टेकवलं आणि पान उलटलं. काका आत गेले. मास्तर मात्र बसून राहिले आणि मध्ये मध्ये विचारत राहिले, "आता काय चाललंय?" मी सांगत राहिले. पहाटे धर्मगुरू हातपाय धुतात, मग वेदीवरची राख काढतात, मग दिवे साफ करतात. मास्तर म्हणाले, "आपल्या देवळात पूजा करणारे गुरुक्कळ हे वाचतील तर म्हणतील, आमचं चोरलं."

संध्याकाळी शेवटच्या प्रकरणाला पोचले. तिथे ते मंदिर पडलं होतं. रोमनांनी जाळलं होतं. तरी ते लोक तेल किती, पीठ किती, कोणी कुठे उभं राहायचं, हे सगळं एकमेकांकडून पाठ करून घेत बसले होते.

मी मान वर केली. काका ओट्याच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसले होते, शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या राज्याच्या पगडीसकट. त्यांच्याविषयी मला त्या क्षणी जरा माया वाटली, हे कबूल करते.

"अंधार पडला," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "आता तरी मिट."

"चार पानं राहिली आहेत," मी म्हटलं, आणि आत्याला कंदील आणायला सांगितलं.