सोलण्याआधीची घाई

"लवकर घ्या" असे ग्राहकाला सांगणे केव्हा खरे असते आणि केव्हा खोटे? हा प्रश्न मी वर्गात कधी शिकवला नाही. मी विज्ञान शिकवले, आणि निवृत्तीनंतर बोईसरच्या घरी शेजारच्या मुलांना प्रयोग समजावत बसले. पण वैशाखातल्या एका शनिवारी केळव्याला, माहेरच्या पडवीत, हा प्रश्न असा पुढे येऊन उभा राहिला की त्याचे उत्तर त्याच दिवशी शोधणे भाग पडले.

आधी वस्तू सांगते, कारण वस्तू कळल्याशिवाय तिची घाई कळत नाही. माझी वहिनी सुकेळी करते. राजेळी जातीची केळी पूर्ण पिकू द्यायची, सोलायची, मांडवावर उन्हात मांडायची, संध्याकाळी गोळा करून केळीच्या पानांत झाकायची, सकाळी पुन्हा मांडायची. आठवडाभर चांगले ऊन मिळाले की केळे आटते, मधाच्या रंगाचे होते, आणि नीट बांधून ठेवले तर महिनोन्महिने टिकते. या सगळ्या कामात एकच पायरी अशी आहे की जिथून मागे फिरता येत नाही, आणि ती म्हणजे सोलणे. सोललेल्या केळ्याला ऊन मिळालेच पाहिजे, नाहीतर त्याला बुरशी येते. बरे, न सोलता ठेवावे तर पिकलेले केळे एकदोन दिवसांत काळे पडते.

शनिवार-रविवारी समुद्रावर येणारी मंडळी पूर्वी दारातूनच सुकेळी घेत. त्यांना मांडव दिसे, वर आभाळ दिसे. घाई आहे की नाही, हे त्यांचे त्यांनाच कळे. पुढे माझ्या भाचीने, म्हणजे वहिनीच्या मुलीने, ऑनलाइन दुकान काढले. ती बोईसरला एका कारखान्याच्या ऑफिसात काम करते. हुशार आहे, नेटकी आहे. दुकानाच्या पानावर एक आयती सोय होती. उलटे मोजणारे घड्याळ, आणि त्याखाली लाल अक्षरांत "फक्त बारा पुडे शिल्लक". भाचीने ती सुरू केली. घड्याळ शून्यावर आले की आपोआप पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. पुडे कितीही विकले गेले तरी बाराच उरत. खप वाढला. वहिनी ते पान कधी पाहत नसे. कोणाला किती पाठवायचे, एवढेच तिला मुलगी सांगे.

त्या शनिवारी मी पोहोचले तेव्हा पडवीत राजेळीचे घड ओळीने टांगलेले होते. हंगामातली ही शेवटची खेप. शेजारच्या वाडीतला सगळा माल वहिनीने घेतला होता आणि तो सगळा एकदम पिकला होता. गोड वासाने पडवी भरली होती. बाहेर वारा पडला होता, सुपारीचे एकही झावळ हलत नव्हते, आणि समुद्राच्या बाजूला राखाडी ढगांची पट्टी धरली होती.

"वन्सं, उद्या सकाळी सोलाय पायजे," वहिनी म्हणाली. "पन किती सोलू? ऊन टिकलं तर सगळी सोलते. नाय टिकलं तर सगळी गेली."

"मागणी किती आली?"

"तीच तर वाट बगतंय. दादरच्या बाई दर वर्षी अख्ख्या बिल्डिंगचं सांगतात. त्यांचं आलं का बसनार सोलायला."

भाची पायरीवर फोन घेऊन बसली होती. तिचा अंगठा मध्येच थांबला.

"काय गं?" वहिनीने विचारले.

"काही नाही."

"काय नाय तर तोंड का उतरलं? वाच."

सगळे ग्राहक असलेल्या ग्रुपवर दादरच्या बाईंचा निरोप आला होता. भाचीने तो खाली मान घालून वाचला: "ताई, महिनाभर पाहते आहे, तुमचे शेवटचे बारा पुडे काही संपत नाहीत. द्रौपदीची थाळी सापडली आहे का? आमच्या बिल्डिंगला यंदा नको." त्याखाली हसरे चेहरे उमटू लागले होते.

"बारा?" वहिनी म्हणाली. "कुटले बारा? माजी टोपली भरलीय."

भाचीने पान उघडून आईपुढे धरले. घड्याळ धावत होते. वहिनीने ते बराच वेळ पाहिले.

"आई, सगळेच करतात. नाहीतर लोक नुसते बघतात आणि निघून जातात."

"सगळी करतात ती त्यांच्या नावानं. ह्ये माज्या नावानं केलंस." वहिनीचा आवाज चढला नाही, आणि मला त्याचीच भीती वाटली. "दारात आलेल्या मानसाला मी कदी खोटं संपलं म्हनून सांगितलं नाय. आता लबाड ठरले. घड उद्या टेम्पोत घाल नि पालघरच्या बाजारात दे. मांडव उतरवू. परत घालायचा नाय."

आमच्या आळीत आता तिचा एकटीचाच मांडव उरला आहे. तो उतरला असता तर पुन्हा कोणी घातला नसता, हे आम्हा तिघींनाही ठाऊक होते.

मी भाचीला बोल लावले नाहीत. शिक्षकाने रागात विचारलेल्या प्रश्नाला मुले उत्तर देत नाहीत, सबब देतात. मी एवढेच विचारले, "हे पानावरचं घड्याळ आत्ता बंद केलंस तर काय बिघडेल?"

"काहीच नाही."

"आणि या घडांनी सोलायची वाट पाहिली तर?"

तिने वर टांगलेल्या केळ्यांकडे पाहिले. मग घड्याळ बंद केले, लाल अक्षरे काढली, आणि नवा निरोप लिहायला घेतला. पहिले वाक्य होते, "अखेरची संधी! उद्यानंतर सुकेळी मिळणार नाहीत!"

"टोपलीतली कुठे जाणार आहेत?"

तिने वाक्य खोडले. असे तीनदा झाले. शेवटी निरोप असा ठरला: "तयार सुकेळी भरपूर आहेत. ती टिकतात, त्यांच्यासाठी घाई नको. पानावरचे घड्याळ आणि बारा पुडे खरे नव्हते; दोन्ही काढले आहेत. यंदाची शेवटची खेप उद्या सकाळी सोलू. आज दिवे लागेपर्यंत सांगाल तेवढीच सोलू, कारण सोलल्यावर थांबता येत नाही. इकडे आभाळ भरले आहे. खेप बिघडली तर पैसे परत."

"आत्या, 'आभाळ भरले आहे' वाचून कोण घेईल?"

"भरलंय का?"

"भरलंय."

"मग?"

"मग हे दुकान तुझ्या शाळेतच काढायला हवं होतं," ती पुटपुटली, आणि निरोप पाठवून दिला.

त्यानंतर पडवीत फक्त फोनच्या आवाजाची वाट पाहणे उरले. एक मागणी आली, छोटी. मग बराच वेळ काही नाही. ढगांची पट्टी सुरूच्या झाडांवर आली. वहिनी घडांखालून येरझाऱ्या घालत एकेक केळे बोटाने दाबून पाहत होती, जणू ती थोडी कच्ची निघाली तर बरे, असे तिला वाटत असावे.

मग दादरच्या बाईंचा व्हिडिओ कॉल आला. भाचीने घाबरून फोन माझ्याकडे केला. तो वहिनीने मधल्यामधे घेतला.

"अहो, तुमचं कपाळच दिसतंय नुसतं," पलीकडून आवाज आला. "आज तरी खरं काही दाखवा."

वहिनीने फोन घडांवरून फिरवला, अंगणात नेला, आभाळाकडे धरला.

"आणि ते प्रसिद्ध बारा पुडे?"

मला वाटले, वहिनी आता फोन ठेवील. तिने टोपलीवरचे फडके ओढून बाजूला टाकले. "ह्ये बगा. तुमीच मोजा."

"बारा कुठले हो, ढीग आहे हा!"

"हाय ना? खोटंच लिवलं व्हतं. मला ठाव नवतं, पन दुकान माजंच हाय."

"बरं. विचार करते. सकाळी सांगते."

"सकाळी नको, बाई. सकाळी मी सोलाय बसलेली असनार. दिवे लागंस्तवर सांगा, नायतर नका सांगू. माजा काय राग नाय."

तिने फोन ठेवला. त्या एका वाक्यात माझ्या प्रश्नाचे उत्तर होते. तिने कोणाला घाबरवले नव्हते, गळ घातली नव्हती. उद्या सकाळी आपले हात कशात गुंतलेले असतील, एवढेच तिने सांगितले होते. मुदत केळ्यांनी ठरवली होती. तिने ती फक्त कळवली. दाराशी येणाऱ्याला जे मांडव आणि आभाळ आपोआप दिसे, ते दूरच्या ग्राहकाला शब्दांतून दाखवावे लागते, आणि त्या शब्दांत आपल्या सोयीचे तेवढेच ठेवून चालत नाही.

तुळशीपाशी दिवा लावता लावता उत्तर आले. "नव्या खेपेतला एक पुडा, माझ्यापुरता. बिल्डिंगमध्ये अजून कोणाला सांगणार नाही. आधी मी पाहते."

भाचीला रडू आले. वहिनीने मात्र निरोप पुन्हा वाचायला लावला आणि म्हणाली, "बरोबर हाय त्यांचं."

सकाळी आम्ही तिघी सोलायला बसलो. निम्मे घडही सोलले नाहीत. बाकीचे टेम्पोने पालघरला गेले आणि मिळेल त्या भावाने विकले गेले. पुढचे दिवस आभाळाकडे पाहत काढले. मधे दोन दिवस ऊन आलेच नाही. मांडवाच्या कडेची केळी बुरसली, ती टाकली. बाकीची तरली, पण नेहमीपेक्षा काळपट झाली. पाठवण्याआधी भाचीने सगळ्यांना कळवले की रंग काळपट आहे, नको असेल त्यांनी सांगावे. एकदोघांनी नको म्हटले. दादरच्या बाईंनी पुडा घेतला आणि त्यावर अद्याप काही कळवलेले नाही.

खप पूर्वीइतका नाही, हेही नोंदवले पाहिजे. पण हंगाम संपल्यावर मी केळव्याला गेले, तेव्हा मांडवाचे बांबू जळणात गेलेले नव्हते. काथ्याने नीट बांधून ते पडवीच्या आढ्याखाली ठेवले होते, पुढच्या वर्षी हाताशी असावेत असे.

मला पटलेले उत्तर मी सांगितले. पण एका घरच्या एका खेपेवरून नियम सिद्ध होत नाही. म्हणून विनंती आहे: घाई करायला सांगणारे कोणतेही ऑनलाइन दुकान उघडा, घड्याळ शून्यावर जाऊ द्या, आणि दुसऱ्या दिवशी तेच पान पुन्हा पाहा. आमच्या दुकानाचे पान दिसले, तर तेही असेच तपासा.