किनाऱ्यावर नवं कोण

गंगाखेडच्या शाळेत असताना मला एका दर्यावर्द्याचं वेड लागलं होतं. समुद्र मी पाहिलेला नव्हता. पाणी म्हणजे गोदावरी, तीही उन्हाळ्यात वाळूच जास्त. पण हा विणकराचा पोरगा. पश्चिमेकडून हिंदुस्थान गाठतो म्हणून राजेरजवाड्यांची दारं ठोठावत फिरला. लोकांनी वेड्यात काढलं तरी हटला नाही, आणि शेवटी जहाजं मिळवून अमेरिकेजवळच्या बेटांवर जाऊन धडकला. तोच हिंदुस्थान, असं मरेपर्यंत म्हणत राहिला. असा हट्टी माणूस मला आवडायचाच, कारण मीही काही कमी नव्हते.

शाळेनं त्याच्यावरच वक्तृत्व स्पर्धा ठेवली. पहिली येईल तिला परभणीला जिल्ह्याच्या स्पर्धेला पाठवणार होते. सरांनी लिहून दिलेलं भाषण मी घडाघडा पाठ केलं. माझे बाबा रेल्वेच्या रुळांवर गँगमध्ये कामाला होते. त्यांनी सगळ्या गँगला सांगून टाकलं, "आमची पोरगी परभणीला बोलायला जायलीय."

एका वाक्याला मात्र माझी जीभ अडायची: ‘त्याने नव्या जगाचा शोध लावला.’ त्या ‘नव्या’चा मला मनस्वी राग होता. माझ्या जन्माआधीच घरच्यांनी दीक्षा घेतली होती, म्हणजे मी जन्मापासूनची बौद्ध. तरी वर्गात पुकारा व्हायचा, "नवबौद्ध मुलींनी उभं राहायचं." नवी चप्पलसुद्धा एका पावसाळ्यात जुनी होते. आम्ही कधी जुने होणार होतो?

स्पर्धेत ते वाक्य आलं आणि मी वेगळंच बोलले. "त्या बेटांवर पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहत होती. त्यांच्या चुली पेटत होत्या, बेटांना नावं होती. यानं ती विचारलीसुद्धा नाहीत, आपलीच ठेवली. त्या किनाऱ्यावर नवा कोणी असेल, तर तो एकटाच होता."

नंतर सरांनी मला बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता.

"विसरलीस का गं?"

"पाठ आहे, सर. पटत नाही."

"परभणीला लिहिलंय तसं बोलणार असशील, तर तुलाच पाठवतो."

"तसं नाही बोलणार."

दुसरी मुलगी गेली. मला रडू आलं, पण शाळेत कुणाला दिसू दिलं नाही.

बाबांना सांगताना मात्र आता ते गँगला काय तोंड दाखवतील, याचीच धास्ती. त्यांनी हातपाय धुतले, भाकरी पुढ्यात घेतली आणि माझं सगळं भाषण पुन्हा म्हणायला लावलं. शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"अन् त्या लोकायनं याला काय नाव ठिवलं व्हतं?"

"पुस्तकात दिलंच न्हाई, बाबा."

"ठिवलं तर असंलच की," बाबा म्हणाले. "ते बी सांगून यायचं व्हतं."